शाळेच्या पायवाटेला मीठ नाही

६ जानेवारी, मंगळवार

बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक सकाळी पावणेसहाला येऊन गेला. खडखड करत गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. रस्ता पांढराफेक. गाड्यांच्या चाकांना काही होता कामा नये. आणि आमच्या घराला खेटून शाळेकडे जी पायवाट जाते, जिच्यावरून गल्लीतली सगळी पोरं चालतात, तिच्यावर एक दाणा नाही. वर प्लाऊवाल्याने रस्त्यावरचा सगळा बर्फ लोटून तिच्याच तोंडाशी ढीग घातला. कमरेइतका.

इराला उचलून पलीकडे उतरवलं. सात वर्षांची झाली, जड झालीये. "आई, धिस इज सो फन." डोंबलाचं फन. माझी कंबर गेली.

टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन. बाई फारच गोड. पायवाट टाउनशिपची आहे, मान्य. मीठ टाउनशिपनेच टाकायचं, तेही मान्य. कधी? तर "लिस्टवर आहे". लिस्ट कोणाकडे आहे ते बाईंना माहीत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

पुन्हा फोन. या वेळी कोणी बुवा. म्हणाला, घरासमोरचा फुटपाथ तुम्हीच साफ करायचा असतो, मॅडम. अरे बाबा, माहीत आहे. माझा नवरा निखिल जर्सी सिटीची ट्रेन पकडायला पळायच्या आधी तो रोज खरवडून जातो, ऑफिसच्या कपड्यांत. मी त्याबद्दल बोलतच नाहीये. मी बाजूच्या पायवाटेबद्दल बोलतेय, जी तुमची आहे. मग म्हणे, "आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन." काही अंडरस्टँड केलेलं नाही त्याने.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही तिघं श्रीरामपूरला. इथे बर्फ पडला. दिवस करून परत आलो तर दाराला नोटीस चिकटवलेली, फुटपाथ साफ केला नाही म्हणून. आमच्या दारात यायला यांना लगेच माणूस मिळतो. स्वतःच्या कामाला मात्र लिस्ट.

बोलता बोलता भाजी करपली. तो रागही टाउनशिपच्या नावावर.

१० जानेवारी, शनिवार

अप्पा मैदानात उतरले. माझे सासरे. ऑक्टोबरपासून आमच्याकडेच आहेत, ग्रीन कार्डचं चालू आहे. पाटबंधारे खात्यात कालव्यांवर तीस वर्षं काढली त्यांनी, त्यामुळे सरकारी माणूस कसा हलतो हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही असं त्यांचं ठाम मत. सकाळी अंघोळ, सूर्याला अर्घ्य, चहा एवढं आटोपून माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले. फोनला काही अर्थ नाही म्हणाले, अर्ज दे, अर्जाला पोच असते.

ते सांगत गेले, मी इंग्रजी करत गेले. 'वरील विषयास अनुसरून'चं काय करायचं कळेना, गाळून टाकलं. 'योग्य ती कार्यवाही तातडीने व्हावी' मात्र ठेवलं. ईमेल गेली. अप्पांना जावक क्रमांक हवा होता. लगेच ऑटोमॅटिक उत्तर आलं, त्यात एक नंबर होता, तो त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली रेघ मारली. त्यांचं समाधान झालं. माझं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

चार-पाच दिवसांत बर्फ पडलेला नाही. बाकीची पायवाट कोरडी. पण आमच्या घराच्या बाजूच्या पायऱ्यांपाशी जिथे वळण आहे तिथे बर्फाची गुळगुळीत लादी. पलीकडच्या उंच झाडांची सावली पडते, ऊन म्हणून लागत नाही. रोज बघते तर वाढलेलीच.

मिस डोरीन आज तिथे घसरता घसरता वाचली. मिस डोरीन म्हणजे शाळेच्या कोपऱ्यावर पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई. पिवळं जाकीट, हातात स्टॉपचा फलक. साठी उलटलेली. गाडी आमच्या गल्लीत लावते आणि याच पायवाटेने कोपऱ्यावर जाते. प्रत्येक पोराचं नाव पाठ. पहिल्या दिवशी सगळे 'आयरा' म्हणत होते, हिने विचारलं, कसं म्हणायचं ते सांग, आणि तेव्हापासून इराला 'इरा'च म्हणते. अप्पांना 'मिस्टर अप्पा'. अप्पा तिला रोज पायऱ्यांवरून "गुड मॉर्निंग, मॅडम". एवढंच संभाषण, पण रोज.

गराजमध्ये माझ्याकडे मिठाची मोठी पिशवी आहे. नि. म्हणाला, टाक की चार मुठी. टाकणार नाही. एकदा मी टाकलं की ते कायमचं माझं काम झालं, यांना मी चांगली ओळखते. ज्याचं आहे त्याने टाकावं. मी फोटो काढतेय रोज, तारखेसकट. होऊन जाऊ दे.

१४ जानेवारी, बुधवार

ईमेलला उत्तर. "तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." अप्पा खूश, म्हणे फाइल हलली. कसली हलतेय.

संक्रांत. वड्या यंदा दगड झाल्या. तिळगूळ देताना नि. म्हणाला, टाउनशिपलाही पाठव दोन. मला हसू आलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

पडली.

सात चाळीस. मी इराचा डबा भरत होते. आधी काही आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग मिस डोरीन. ओरडली नाही, कण्हली. मी जाकीट शोधेपर्यंत अप्पा पायमोज्यांवर बाहेर. स्वतःची शाल काढून तिच्यावर घातली. पाय विचित्र वळलेला. मी ९११ ला फोन केला. पत्ता सांगताना मला माझाच घर नंबर आठवेना.

ती सारखी एकच म्हणत होती, पोरं येतील आता, कोपऱ्यावर कोणी नाही.

अप्पांना किती कळलं देव जाणे. तिच्या हातातला स्टॉपचा फलक त्यांनी उचलला आणि चालू लागले. बूट तेवढे घातले. मी ॲम्ब्युलन्स गेल्यावर इराला घेऊन कोपऱ्यावर पोचले तर माकडटोपी घातलेला आमचा म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा, फलक छातीशी धरून, आणि दोन्ही बाजूंना गाड्या गुमान थांबलेल्या. शाळेतून माणूस येईपर्यंत उभे होते. घरी आले तेव्हा बोटं वळत नव्हती.

दुपारी अडीचला टाउनशिपचा ट्रक. दोन माणसं. पायवाटेवर इतकं मीठ ओतलं की बूट रुतत होते. मी दारात उभी राहून बघत होते. एकाने हात हलवून हॅलो केलं. मेल्याला लाज नाही.

१९ जानेवारी, सोमवार

डोरीनच्या मुलीचा फोन. खुब्याचं हाड मोडलंय, शनिवारीच ऑपरेशन झालं. पुढचे काही आठवडे रिहॅबमध्ये, पुन्हा चालायला शिकवतात तिथे. आणि आता पुढचं ऐका. ज्या कंत्राटदाराकडे डोरीन कामाला आहे तो म्हणतो, हिची ड्युटी आठला सुरू होते, पडली सात चाळीसला, आमचा संबंध नाही. टाउनशिप म्हणते, त्याआधी आठवडाभर बर्फवृष्टीच झालेली नाही, तेव्हा तो बर्फ हवामानाचा नाही, आमचा संबंध नाही. मग कोणाचा आहे? आभाळातून पडला नाही तर काय जमिनीतून उगवला? एकोणीस वर्षं उन्हापावसात पोरं सांभाळली त्या बाईने, आणि आता ती कोणाचीच नाही.

मुलीने वकील गाठलाय. त्याला माझे फोटो हवेत आणि लेखी जबाब. मी म्हटलं, हवं ते देते.

२० जानेवारी, मंगळवार

टाउनशिपचा सुपरवायझर जागा बघायला आला. बर्फ कुठाय बघायला, त्यांनीच मिठात पुरलाय. आमच्या छपराच्या पन्हळीकडे बघत मला विचारतो, याचं पाणी इकडे येतं का. मी त्याला हाताला धरून घराच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि पाइप दाखवला. म्हटलं, इकडे सुटतं, दिसतंय का? 

अप्पा वाकून उतार बघत होते. हातभर फूटपट्टी, पाण्याची बाटली, सगळा सरंजाम. उतार पायऱ्यांकडून वळणाकडे आहे म्हणाले. बर्फ पडला नसताना लादी रोज वाढत होती, म्हणजे पाणी कुठून तरी रोज येतंय. जमिनीखालची टाउनशिपची पाण्याची लाइन गळत असणार. "गळती आहे, वैदेही. लिहून ठेव." मी सुपरवायझरला इंग्रजीत सांगितलं. त्याने चक्क लिहून घेतलं. अप्पांनी नकाशाही काढून दिला, बाण वगैरे घालून. माझी मान ताठ झाली.

संध्याकाळी वकिलाचा फॉर्म भरला. पाच पानं. एक प्रश्न, त्या जागी पाण्याचा वा बर्फाचा दुसरा काही स्रोत तुम्हाला माहीत आहे का. टाउनशिपची लाइन हा निव्वळ अंदाज, तो सुपरवायझरने तसाही लिहून घेतलाच आहे. मी लिहिलं, नो. मोठ्या अक्षरात.

२२ जानेवारी, गुरुवार

टाउनशिपची मीटिंग, संध्याकाळी सातला. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी दोन रात्री आरशासमोर बडबडत होते, ऐन वेळी कागद बघितलाच नाही. फोनच्या तारखा सांगितल्या. लिस्टचं सांगितलं. फोटो भिंतीवर दाखवले. म्हटलं, गाड्या घसरू नयेत म्हणून तुम्ही पहाटे उठता, आणि त्या गाड्यांपासून आमच्या पोरांना वाचवणारी बाई तुमच्या पायवाटेवर पडली तर ती तुमची कोणी नाही. त्या पायवाटेला मूठभर मीठ टाकणं हे तुमचं काम होतं. ते तुम्ही केलं नाही.

टाळ्या. मागे डोरीनची मुलगी रडत होती. अप्पा शेवटच्या रांगेत कोट घालून. इंग्रजी अर्धंच कळलं असेल, पण बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्या खात्यात तू असतीस तर मी तुझ्या हाताखाली काम केलं असतं." आयुष्यात एवढं चांगलं मला कोणी बोललेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

टाउनशिपने पाण्याची लाइन तपासली. गळती नाही. अप्पा म्हणतात, यंत्र खराब असेल.

२५ जानेवारी, रविवार

वकिलाला फोटो मोठ्या साइझचे हवे होते. बसले एकेक करत. माझं काम काय तर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं, नऊ वर्षं त्याचाच पगार घेतेय. सवयीने प्रत्येक फोटो झूम करून बघितला.

तेरा तारखेचा. लादीत आत काहीतरी पांढरं. वाटलं हवेचे बुडबुडे. अजून झूम केलं. तांदूळ. सहा-सात दाणे, अख्खे, बर्फात बसलेले. आणि शेजारी गुलाबी ओघळ.

आधी डोक्यात आलं, पक्ष्यांना कोणी घातले असतील. मग हातातला माउस ठेवला.

अक्षता. कुंकू. अप्पांचं अर्घ्य. पूर्वेकडच्या पायऱ्यांवर उभं राहून रोज मोठा तांब्याभर पाणी, दोन्ही हातांनी वर धरून. पडतं कुठे ते बघितलंच नव्हतं मी. कठड्याच्या पलीकडे. थेट वळणावर. उणे तापमानात रोज एक थर.

ही वही मागे उलटली. मला पुसट आठवत होतं, म्हणून. १४ डिसेंबर, माझंच अक्षर: "इरा बाजूच्या पायरीवर घसरली, अर्घ्याचं पाणी गोठलं होतं. अप्पांवर ओरडले. पायऱ्यांवर टाकू नका, कठड्यापलीकडे टाकत जा. ऐकलं बिचाऱ्यांनी."

ऐकलं बिचाऱ्यांनी.

दुपारचं जेवण झालं. काय जेवलो आठवत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

नि.ला सांगितलं. गाडीत, इराला स्विमिंगला सोडून. त्याने फोटो बघितला, फोन परत दिला. मग म्हणाला, टाउनशिपने मीठ टाकलं असतं तर पडली असती का? नाही. मग संपलं. हा एक फोटो पाठवू नकोस.

मी म्हटलं, बाकीच्या फोटोंतही तीच लादी आहे.

मग चिडला. डोरीनला मदत व्हावी असं वाटतं ना तुला? हे बाहेर आलं तर टाउनशिप हात झटकून मोकळी. केस गेली. म्हणजे तू खरं बोलून तिचंच नुकसान करणार. आणि अप्पांचं काय? त्या माणसाने नियम म्हणून कधी लाल सिग्नल तोडला नाही, त्याला जाऊन सांगणार का, की तुमच्या अर्घ्याने बाई मोडली?

सगळे मुद्दे बरोबर. आणि ते बोलताना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि मला आतून बरं वाटत होतं, की हा मला सुटायची वाट दाखवतोय. त्या बरं वाटण्याचा जास्त राग आला.

सकाळी अप्पा तांब्या घेऊन निघाले होते. मी दारात आडवी आले. म्हटलं, बाहेर फार गार आहे, आत खिडकीशी करा ना. तर म्हणाले, अगं, सूर्य बाहेर आहे. गेले. मी स्वयंपाकघराच्या काचेतून बघितलं. पाणी उजेडात चमकलं आणि पलीकडे गेलं.

ते आत आल्यावर गराजमधली पिशवी ओढत नेली आणि सगळी वळणावर रिकामी केली. हेच दोन आठवड्यांपूर्वी केलं असतं तर. पण मला तत्त्व होतं ना. कपाळ माझं.

२९ जानेवारी, गुरुवार

रिहॅबमध्ये डोरीनला भेटायला. अप्पा येतोच म्हणाले. शिरा करायला लावला, साजूक तुपातला, जखम भरायला बरा म्हणून. तिने चमचाभर खाल्ला आणि डोळे मिटून घेतले, मग अख्खा डबा संपवला.

वॉकर धरून सहा पावलं चालून दाखवलं. कपाळावर घाम. पुन्हा कोपऱ्यावर उभी राहता येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. नोकरी कंत्राटदार मार्चपर्यंत धरून ठेवेल, पुढचं पुढे. तिने हे असं सांगितलं जणू शेजारणीची गोष्ट. मग माझा हात धरला. "इतक्या वर्षांत माझ्या बाजूने उभं राहून बोललेली तू पहिली."

मी तिची उशी सरळ केली.

परत येताना तिचाच राग आला. एवढं चांगलं वागायची काय गरज होती. एखादी खडूस बाई असती तर किती सोपं झालं असतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण आलं मनात.

वकिलाचा ईमेल: फॉर्ममधली माहिती खरी असल्याची सही शुक्रवारी, सहा तारखेला, ऑफिसात येऊन करायची.

३१ जानेवारी, शनिवार

काही नाही. दिवसभर कपाटं आवरली. नि. आणि मी मीठ-तिखटापुरतं बोलतोय.

१ फेब्रुवारी, रविवार

माझं तोंड फुटलं. आणि कसं फुटलं, तर चिडून. विचार करून, शांतपणे, जवळ बसून सांगणार होते मी.

अप्पा सकाळपासून नव्या अर्जाच्या मागे. टाउनशिपच्या यंत्रावर विश्वास नाही, गळती आहेच, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कळवावं आणि त्याच्यावर कारवाई व्हावी. मी टाइप करत होते. ते म्हणाले, शेवटी लिही, "निष्काळजीपणे पाणी सोडणाऱ्यास क्षमा असता कामा नये." दोनदा म्हणाले. मी टाइप करत नव्हते म्हणून तिसऱ्यांदा.

मी म्हटलं, "अप्पा, बास करा. ते पाणी तुमचं आहे. तुमच्या अर्घ्याचं."

हळू नाही म्हटलं. इरा हॉलमध्ये होती, तिने मान वर केली.

अप्पा म्हणाले, दाखव. फोटो दाखवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोटाने दाणे मोजले. किती वाजता काढलास विचारलं. मग उठून बाजूच्या पायऱ्यांवर गेले, स्वेटर न घालता, कठड्याला धरून खाली बघत राहिले. मी मागे शाल घेऊन उभी. घेतली नाही.

आत येऊन एवढंच म्हणाले, "तीस वर्षं गळती शोधायचा पगार घेतला मी."

खोलीत गेले. मी भांडी घासली, डिशवॉशर असताना.

अजून एक. मी त्यांना डिसेंबरची आठवण करून दिली नाही, की कठड्यापलीकडे टाका असं मीच सांगितलं होतं. त्यांनीही काढलं नाही. विसरले असतील असं म्हणवत नाही. अप्पा काही विसरत नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार

अर्घ्य नाही. मुंज झाल्यापासून चुकलं नव्हतं म्हणे. सासूबाई गेल्या त्या सुतकातही मनातल्या मनात दिलं होतं.

तांब्या घासून, पुसून, पालथा. चहा घेतला, जेवले नाहीत. इराने दार वाजवलं, "आजोबा, आर यू सिक?" आतून "नो, बेटा" एवढं आलं.

नि.ने ऑफिसातून तीन फोन केले, तिन्ही वेळा मलाच झाडलं. कशाला सांगितलंस. मीही ऐकून घेतलं नाही, म्हटलं बाप तुझा आहे, रविवारी तू का नाही अर्ज टाइप करायला बसलास? उगाच. खरं तर त्याचा काय दोष.

४ फेब्रुवारी, बुधवार

अप्पा सकाळी बाहेर आले. दाढी केलेली. म्हणाले, मला मॅडमना भेटायचंय, उद्या घेऊन चल. मी स्वतः सांगणार. तू मध्ये भाषांतर करायचं नाहीस. मला इंग्रजी लिहून दे, मोठ्या अक्षरात, मी वाचीन.

नि. घरी होता आज. तो उखडला. केस जाईल, ग्रीन कार्डाचं काही तरी होईल, तिला काय मिळणार यातून. अप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "निखिल, तुझी ट्रेन चुकेल." त्याला आज ट्रेन नव्हती. पण तो उठला आणि गेला वर.

मग त्यांनी सांगितलं ते मी टाइप केलं. चार वाक्यं. माझ्या घराच्या पायऱ्यांवरून मी रोज सूर्याला पाणी देत होतो. ते पायवाटेवर पडून गोठत होतं. मी त्याकडे बघितलं नाही. तुम्ही ज्यावर पडलात तो बर्फ माझा होता.

"मी", "माझा", "मी". मी मधेच थांबले. म्हटलं, अप्पा, अजून काही? ते म्हणाले, नाही. एवढंच आहे.

एवढंच नाहीये. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे.

दुपारभर इराला समोर बसवून सराव. ती शिक्षिका झाली होती, "नॉट वॉल्क, आजोबा, वॉक." मग कागद संपेपर्यंत वाचल्यावर तिने विचारलं, बट हू टोल्ड यू टू पोअर इट देअर? अप्पा म्हणाले, "कोणी नाही, बेटा." मी शेजारी वाटाणे सोलत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अकराला निघायचंय. आता साडेदहा. इराला शाळेत सोडून आले. कोपऱ्यावर नवा मुलगा आहे, फोन बघत फलक धरतो.

पहाटे मिठाचा ट्रक गेला. रस्त्यावर गेला, पायवाटेवर नाही. इतकं होऊन अजूनही नाही. माझ्या तीन मिनिटांनी आणि त्या टाळ्यांनी त्या ट्रकचा ड्रायव्हर एक फूट इकडे वळला नाही. याचा राग आहेच, तो जायचा नाही, त्यांनी मीठ टाकायला हवं होतं हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण आता ते म्हणायला तोंड उघडलं की माझाच आवाज माझ्या कानाला खोटा लागतो.

उद्या सही आहे. फॉर्म समोर पडलाय. त्यातलं नो अजून नोच आहे.

अप्पा कधीचे तयार. कोट, बूट, माकडटोपी. कागदाची घडी वरच्या खिशात. मघाशी मला ऐकवलं एकदा, न अडखळता. त्यात कठड्याचं कोणी सांगितलं ते नाही. गराजमधल्या पिशवीचं नाही. मीटिंगचं नाही. मला वाचवायला त्यांनी ते गाळलं, आणि टाइप करणारी मी, माझाही ते घालायला हात उचलला नाही. दुसऱ्याचं काही राहिलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. महिनाभर टाउनशिपला जे जे बोलले ते सगळं मला लागू आहे, आणि तरी हा म्हातारा वॉकर धरलेल्या बाईसमोर एकटा उभा राहून वाचणार, आणि मी मागे शिऱ्याचा डबा धरून उभी राहणार. चीड येतेय स्वतःची.

खालून हाक आली, "वैदेही, चल." लॅपटॉप उघडाच आहे. पाचवं वाक्य लिहायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली, मी म्हटलं, आले.